वेल्हे – केळद – मढे घाट – वरंधा – भोर : डोंगरी सायकलवर ही फेरी जमेल का?

मुठाकाठी :

नमस्कार मंडळी. पुण्याभोवतीचे डांबरी घाट पुरेसे झाले. कात्रज, बोपदेव, खंबाटकी, सगळीकडे ट्रकच्या धुरात चढायचं आणि ट्रकच्या धुरातच उतरायचं. त्यामुळे आम्ही तिघांनी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या) सायकली घेतल्या आहेत. पुढे १२० मिमी ट्रॅव्हलचा फोर्क, २९ इंची चाकं, २.३ चे टायर. आता माती हवी आहे.

नकाशा बघून आखलेला बेत असा : पहिल्या दिवशी चेलाडी फाट्यावरून मार्गासनी, विंझर, वेल्हे, पासली करत केळदला मुक्काम. दुसऱ्या दिवशी मढे घाटाने कर्णवडीला उतरायचं, वाकीवरून बिरवाडीकडे जायचं आणि शिवथरघळीच्या आसपास राहायचं. तिसऱ्या दिवशी माझेरीवरून वरंधा चढून शिरगाव, हिर्डोशी आणि नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेने भोर. म्हणजे कानंदीच्या खोऱ्यातून कोकणात आणि नीरेच्या खोऱ्यातून परत.

मला विचारायचंय ते असं. मढे घाटात सायकल किती चालवता येते आणि किती उचलावी लागते? महिना कुठला धरावा? परवानगी कोणाची लागते का? आणि या वाटेची जीपीएक्स फाइल (जीपीएसने नोंदलेली वाटेची रेघ) कोणाकडे असेल तर द्याल का? आंतरजालावर ट्रेकर लोकांचं भरपूर लिखाण आहे, पण सायकल घेऊन गेलेल्यांचं फार थोडं सापडलं.

पॅडलपंप :

मस्त बेत! वाखू (वाचनखूण) साठवली आहे. सविस्तर रात्री लिहितो, सध्या टंकाळा (टंकायचा कंटाळा).

कानंदखोरे :

मी वेल्हे भागातला. सायकल शाळेत असताना मारली तेवढीच, पण वाटा माहीत आहेत म्हणून लिहितो.

वेल्ह्यापर्यंत तुम्हाला माती मिळणार नाही. रस्ता मोठा होतो आहे. ज्यांना मुंबई-पुण्याहून गडावर गाडी घेऊन यायचंय त्यांची सोय झाली, तुमची नाही झाली. भट्टी, पासलीपासून पुढे मात्र खोरं अरुंद होतं, तोरण्याची बाजू अंगावर येते आणि जायला बरं वाटतं. तिथेही मुख्य वाट डांबरीच आहे. मातीसाठी तुम्हाला रस्ता सोडून वाड्यांच्या गाडीवाटा धराव्या लागतील. प्रत्येक गावातून एक वाट ओढ्याकडे जाते, एक रानात जाते आणि एक पलीकडच्या वाडीला. तिसरी विचारून घ्यायची. पहिल्या दोन संपतात.

गुंजवणी धरणाच्या फुगवट्याच्या कडेनेही वाटा आहेत. पण पाणी मागे सरल्यावर जी जमीन उघडी पडते तिच्यावर सायकल घालू नका. वरून तडे गेलेली, सुकलेली दिसते, आत चाक जातं ते मग दोघांनी ओढावं लागतं. शिवाय त्या गाळपेर जमिनीत लोकांनी काही ना काही पेरलेलं असतं.

मढे घाटाचं सांगायचं तर वाट जुनी आणि ठळक आहे. सिंहगड घेतल्यावर तानाजीरावांचं शव याच वाटेने उमरठला नेलं असं आमच्याकडे सांगतात. वळणं घेत उतरते. पण वळणं आखूड, दगड सुटे, आणि झाडीत बारा महिने ओल. तुमच्यातला कोणी फार तयारीचा असेल तर मधले तुकडे बसून उतरेल. बाकीच्यांनी सायकल हातात धरून चालायचं. खांद्यावर घ्यायची वेळ फार येणार नाही. या घाटाने एके काळी ओझ्याचे बैल उतरायचे. आमच्याकडचा साधा हिशेब : बैल जिथून उतरतो तिथून सायकल उतरते. माणूस जिथे हात टेकून उतरतो तिथे सायकलचं काम नाही. म्हणून शेजारच्या आग्याच्या नाळेचं, सिंगापूरच्या नाळेचं (नाळ म्हणजे उभ्या घळीची वाट) वगैरे कोणी सुचवलं तर ऐकू नका.

बेसाल्ट :

कानंदखोरे यांचा बैलाचा हिशेब अगदी पटला. त्याला थोडी खालून जोड देतो. खालून म्हणजे दगडाकडून.

परदेशातले व्हिडिओ बघून आपल्याकडे येणाऱ्यांची एक ठरलेली निराशा असते. तिकडे डोंगर एका लयीत उतरतो, सायकल तासभर वाहत राहते. सह्याद्रीत तसं होत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक साचत गेले. त्यातला घट्ट प्रवाह झिजत नाही, त्याचा कडा होतो. दोन प्रवाहांच्या मधला जाळीदार, पोकळ्यांचा आणि तांबड्या मातीचा थर लवकर झिजतो, त्याचा पदर होतो. म्हणून आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. पदरावर तुम्ही दोन-दोन किलोमीटर जवळजवळ सपाटीवर, झाडीतून, झकास चालवता. मग एकदम पन्नास मीटरचा कडा येतो आणि वाट त्यातली एकुलती एक फट शोधून खाली जाते. त्या फटीत सगळं येतं : पाणी, दगड, गुरं, माणसं आणि आता सायकली.

यातून वाट आखायची एक पद्धत निघते. समोच्च रेषांच्या नकाशात रेषा जिथे विरळ होतात ते पदर आधी शोधा, एकाच पदरावरच्या वाड्या जोडा. वाड्यांना जोडणाऱ्या वाटा बहुतेक वेळा त्याच उंचीवरून जातात, कारण डोक्यावर हंडा घेऊन रोज कोणी चढ-उतार करत नाही. पाणीही याच तांबड्या थरांवर झिरपून बाहेर येतं, म्हणून टाकी, झरे, वाडी आणि वाट एका रांगेत सापडतात. घाटमाथा ते कोकण अशी उभी रेघ ओढलीत तर निम्मा दिवस सायकल तुमच्यावर बसेल.

अवांतर : दक्षिणेकडे आणि कोकणात वर जांभा आहे, तिथला मामला वेगळा.

घसारा :

>> निम्मा दिवस सायकल तुमच्यावर बसेल

हे आमच्या ग्रुपच्या टीशर्टवर छापतो. :)

पॅडलपंप :

आता सामानाबद्दल. तुमची सायकल पुरेशी आहे. फुल सस्पेन्शनच्या नादी लागू नका, ती उचलायला जड आणि बेअरिंगमध्ये आपली लाल माती गेली की खर्च वेगळा.

ट्यूबलेस करून घ्या, ते सगळ्यात आधी. बाभूळ, करवंद, गेळा, बोर, सगळीकडे काटे आहेत आणि ट्यूब भरून भरून वैताग येतो. सीलंट (आतून भोक बुजवणारं द्रव) उन्हाळ्यात लवकर सुकतं, निघण्यापूर्वी चाक हलवून आवाज ऐका. हवा रस्त्यावर ठेवता तशी ठणठणीत ठेवू नका. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला २.३ च्या टायरमध्ये २२ ते २६ पीएसआय पुरते. सुट्या मुरमावर पकड येते ती इथूनच.

पुढची चकती ३० दातांची मिळाली तर बघा. ३२ वर वरंधा चढाल, पण वाडीकडे जाणाऱ्या सिमेंटच्या उभ्या चढावर जीव जाईल. गावांतले ते चढ कोणत्या अभियंत्याने आखले त्याला एकदा त्यावरून सायकल न्यायला लावली पाहिजे.

सोबत काय? डिरेल्युअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरणारा तुकडा. प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा चालत नाही, आणि तो वाकला किंवा तुटला तर वेल्ह्यात काय, स्वारगेटलाही लगेच मिळेलच असं नाही. मग चेनचे दोन सांधे, ब्रेक पॅडचा एक जोड, टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा, एक ट्यूब तरीही. पॅड लहान वाटतील, पण लांब ओल्या उतारावर ती मातीची पेस्ट पॅड खाऊन टाकते.

उतारावर बूच खाली. म्हणजे सीट. ड्रॉपर पोस्ट (बटणाने सीट खाली करणारा दांडा) नसेल तर थांबून, क्लॅम्प सोडून खाली करा, लाज वाटून घेऊ नका.

वेळवंडीकर :

धागा वाचत होतो. सगळे सायकलचं बोलत आहेत म्हणून दोन शब्द जमिनीचे.

आमची शेती वेळवंडीच्या खोऱ्यात. गेली काही वर्षं शनिवार-रविवार सायकलवाले दिसतात. बहुतेक चांगले असतात, रामराम घालतात, पाणी मागतात. पण गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एक जथा भाताच्या खाचरांतून गेला. वाट चुकली असेल म्हणावं तर तसंही नाही, हसत-ओरडत बांधावरून एकामागे एक गेले, एक जण पुढे उभा राहून शूटिंग करत होता. भाताचा बांध म्हणजे काही फरसबंदी नसते. पावसात भिजलेल्या बांधावर टायरची एक चर पडली की पाणी तिथून वाट काढतं. खाचर रिकामं होतं, दाणा भरायच्या वेळेला पाणी गेलं की पळींज (पोकळ दाणे) होतं. खालच्या खाचराचा बांधही मग जातो. माझ्या चुलत्यांनी दुपारभर चिखल थापून तो बांध पुन्हा घातला.

कापणी झाली की खुशाल वावराच्या कडेने जा, कोणी काही म्हणणार नाही. आधी नको.

दुसरं, वाटेत बांबूचं बेडं (फाटक) लागलं तर ते उघडून पलीकडे गेल्यावर परत लावायचं. उघडं दिसलं तर उघडंच ठेवायचं. गुरं आत आहेत की बाहेर ते मालकाला माहीत असतं.

मुठाकाठी :

वेळवंडीकर, हे लिहिलंत ते बरं झालं. बांधाचं मनात आलं नसतं, रुंद बांध दिसला की सायकलवाल्याला ती वाटच वाटते. आम्ही भातकापणीनंतरचाच विचार करतो.

कारवी :

महिन्याबद्दल माझं मत. मी आणि माझी मैत्रीण मुळशी, मावळ, भोर या भागात दोघीच जातो.

दसरा-दिवाळीला सगळं हिरवं-पिवळं असतं, फोटो सुंदर येतात, आणि गवत कमरेएवढं असतं. त्या गवताखाली दगड, खड्डा, फुरसं काहीही असू शकतं आणि चाकाला काहीच दिसत नाही. शिवाय कुसळं. मोज्यात शिरलेली कुसळं काढताना माणूस देवाचं नाव सोडून सगळं घेतो. डिसेंबरच्या सुमाराला गवत कापून गंजी लागतात, वाटा मोकळ्या होतात, ओढ्यांना पाणी असतं. तिथून जानेवारी संपेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. फेब्रुवारीनंतर पानगळ आणि वणवे. जळालेल्या उतारावर मुरूम मोकळा होतो आणि पुढचं चाक कधी सटकेल सांगता येत नाही. एप्रिल-मे पहाटे निघून दहाच्या आत सावलीत, नाहीतर नकोच.

पावसाळ्यात मी या बाजूच्या घाटांत जात नाही. धबधब्यांसाठी गर्दी असते हे एक कारण. दुसरं कारण माझ्यासाठी मोठं आहे : ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. तारखा बघा, तिन्ही जुलैच्या उत्तरार्धातल्या. तळीये तर तुमच्या वरंध्याच्या खालच्याच भागात, महाड तालुक्यात. राहत्या वाडीवर डोंगर आला तिथे आपण हौस म्हणून सायकल घेऊन जायचं, हे मला जमत नाही. वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंदही करतात.

आणि बायकांसाठी थोडं, कोणी विचारलं नसलं तरी. मुक्कामाला गावात शिरलं की आधी देवळाकडे जाऊ नका, पाण्याच्या जागी जा. तिथे बायका भेटतात. "एकट्याच आलात? घरचे काय म्हणाले?" हे झालं की पुढचं सगळं सोपं. कपडे बदलायची जागा, न्हाणी, कुठल्या घरात तान्हं आहे म्हणून तिथे नको आणि कुठल्या घरात म्हातारीला सोबत हवी म्हणून तिथे जा, सगळं पाच मिनिटांत ठरतं. सरपंचांना फोन करून गेलो की आम्ही पाहुण्या होतो आणि ओसरीवर खुर्चीत बसून राहतो. भाकरी आपण थापायला बसलो (वाकड्या का होईना) तर रात्र मजेत जाते. निघताना पैसे हातात देऊ नयेत, घेत नाहीत. मुलांच्या हातात दिले तर आई ओरडते. ताट उचलून ठेवताना त्याखाली ठेवले की बरोबर पोचतात.

स्टुटगार्टचा मावळा :

मी मूळचा सासवडचा, सध्या दक्षिण जर्मनीत. परवानगीचा मुद्दा मागे राहिला म्हणून लिहितो.

आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात वनकायद्याने दोन मीटरहून अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवायला बंदी आहे, खास सूट दिलेल्या वाटा सोडून. ब्लॅक फॉरेस्ट याच राज्यात येतं, म्हणजे आमची पंचाईत लक्षात घ्या. रविवारी हातात काठ्या घेऊन फिरणारे आजी-आजोबा दोन मीटर म्हणजे किती हे डोळ्यांनी मोजतात आणि तुम्हाला ऐकवतात. म्हणून लोकांनी मागे लागून सायकलसाठी वेगळ्या वाटा बांधून घेतल्या. उलट स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक माळराना-जंगलातून पायी किंवा सायकलने जायचा हक्क दिला. इंग्लंड-वेल्समध्ये तिसराच प्रकार : घोडेवाटांवर सायकल चालते, पायवाटांवर नाही, १९६८ पासून.

आपल्याकडे सायकलचा असा वेगळा विचार कुठल्या कायद्यात केलाय का?

कानंदखोरे :

सायकलचा नसेल, पण जंगलाचा केला आहे. अभयारण्य असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. राखीव वनात १९२७ चा वन कायदा लागतो. गावची वहिवाट असलेल्या वाटेवर गावकऱ्याला कोणी अडवत नाही, पण तुम्ही गावकरी नाही. वेल्हे-केळद भागात रस्ता आणि वाडीवाटांनी जाल तर अडचण येणार नाही. रस्ता सोडून रानात शिरणार असाल तर वनरक्षकाला विचारा. चौकीवर कोणी भेटलं नाही तर गावात विचारा, तो कुठे जेवायला बसलाय तेही सांगतील.

घसारा :

याच अनुषंगाने : अंधारबन सायकलने केलंय का कोणी? पिंपरीवरून सुरू करून भिऱ्याला उतरायचं. पदराचं गणित बेसाल्ट यांनी सांगितलं त्यात अगदी चपखल बसतं.

कारवी :

गणितात बसतं, वाटेत बसत नाही. अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याची नोंदणी असते, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे पायी माणसांची रांग असते. एका बाजूला दरी असलेल्या अरुंद वाटेवर मागून सायकल आली तर लहान मुलं घेऊन आलेल्या माणसाने कुठे सरकायचं? हे राहू दे.

सडा_आणि_समुद्र :

कोकणातून. बेसाल्ट यांनी जांभ्याचं नाव काढलं म्हणून लिहितो, कारण सध्या सड्यावर सायकल चालवायची नवी टूम निघाली आहे. सपाट, काळाकभिन्न, नजर पोचेल तिथपर्यंत मोकळं. सायकलवाल्याला स्वर्ग वाटतो हे मान्य.

दोन गोष्टी. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात याच कातळावर कातळशिल्पं कोरलेली आहेत : उक्षी, देवीहसोळ, कशेळी, बारसू. काही ठिकाणी दगड रचून हद्द केली आहे, सगळीकडे नाही. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की त्यावर उभं राहिलं तर आपण कशावर उभे आहोत हे कळत नाही. जांभा मऊ असतो, रेषा उथळ असतात. रस्ता सोडून सड्यावर चाक घालण्यापूर्वी गावात विचारा.

दुसरं, पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर याच कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद अशी फुलं येतात. काससारखंच हे. तिथे कुंपण घालायची वेळ आली, इथे ती आली नाही एवढाच फरक. टायरची चर तिथल्या पातळ मातीत कित्येक महिने राहते.

नोव्हेंबरनंतर सड्यावरच्या गाडीवाटांनी खुशाल या. उन्हाची मात्र तयारी ठेवा, सावली म्हणून झाड नसतं.

ट्रॅकलॉग :

एवढं सगळं झालं पण धागाकर्त्याने मागितलेली जीपीएक्स कोणी दिली नाही. माझ्याकडे मढे घाटाचा पायी ट्रॅक आहे. आज रात्री सार्वजनिक दुव्यावर टाकतो. कर्णवडीच्या पुढे वाकीपर्यंतही आहे.

कारवी :

माझी विनंती आहे की सार्वजनिक टाकू नका, व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) द्या.

ट्रॅकलॉग :

का? हे "आपली गुपित जागा" प्रकरण मला कधीच कळलं नाही. वाटा गावकऱ्यांच्या, तुमच्या नाहीत, माझ्याही नाहीत. नकाशावर वाट असेल तर अंधार पडल्यावर चुकलेला माणूस खाली उतरू शकतो. ओपनस्ट्रीटमॅपवर आज सह्याद्रीतल्या जेवढ्या पायवाटा दिसतात त्या कोणीतरी फुकट टाकल्या म्हणून दिसतात. तुम्हीही त्या वापरता.

कारवी :

वापरते. पण नकाशावरची रेघ वेगळी आणि "एपिक डाउनहिल, वेळ अमुक मिनिटं" असं नाव दिलेला ट्रॅक वेगळा. ट्रॅक पडला की सेगमेंट (ॲपवर वेळ मोजायचा टप्पा) होतो, सेगमेंट झाला की शर्यत लागते, आणि शर्यत लागते ती शाळेतून घरी येणाऱ्या पोरांच्या वाटेवर. देवकुंड धबधब्याचं काय झालं ते आपण पाहिलंच. माणसं बुडाली आणि दर पावसाळ्यात बंदी घालायची वेळ आली.

ट्रॅकलॉग :

देवकुंडला गर्दी जीपीएक्समुळे नाही झाली, रीलमुळे झाली. बंदी माहितीवर घालायची की मूर्खपणावर?

वेळवंडीकर :

मी मध्ये पडतो. मला फायलीचं कळत नाही. पण बांधावरून गेलेल्या त्या मंडळींना मी नंतर विचारलं होतं, इकडून कसे काय आलात? त्यांनी मोबाइल दाखवला. त्यात रेघ आमच्या बांधावरूनच होती. कोणीतरी उन्हाळ्यात, भात नसताना त्या बाजूने गेला असेल आणि ती रेघ तशीच राहिली. रेघेला महिना नसतो.

ट्रॅकलॉग :

हा मुद्दा मान्य. त्याचं उत्तर मात्र लपवणं नाही, नीट लिहिणं आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वाटेला "सायकल नको" किंवा "अमुक महिने बंद" अशी नोंद जोडता येते. वेळवंडीकर, व्यनितून जागा कळवा, तुमच्या बांधावरची रेघ मी तपासतो आणि तिथे वाट नसेल तर काढून टाकतो. मढे घाटाचा ट्रॅक देताना सुरुवात-शेवट गावापाशी तोडून देईन, कोणाच्या अंगणातून जाणारा भाग काढेन, वेळ आणि वेग पुसून टाकेन. एवढं चालेल?

कारवी :

वेळ-वेग पुसलात तर माझी हरकत निम्मी संपली. उरलेली निम्मी प्रत्यक्ष भेटीत भांडू.

हाडवैद्य_नव्हे :

मी ऑर्थोपेडिक डॉक्टर आहे. सायकलवरून पडून येणाऱ्यांत गळ्याजवळचं कॉलरबोन आणि मनगट ही दोन हाडं आघाडीवर. दोन्ही पुढे हात टाकून पडल्याने मोडतात. एक तिकोनी पट्टी सोबत ठेवा, हात गळ्यात बांधला की माणूस चालत खाली येऊ शकतो. हेल्मेट डोक्यावर, पिशवीला अडकवलेलं नाही.

साप चावला तर : कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. तो अवयव हलू न देता लवकरात लवकर सरकारी रुग्णालय. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. घाटात हिरवा चापडा असतो, त्याच्यावर ती लस उपयोगी नाही. पण त्याच्या दंशाने माणूस दगावणं फार विरळा, वेदना आणि सूज मात्र बेदम. तरी रुग्णालयात जायचंच. निघण्यापूर्वी वाटेवरच्या ग्रामीण रुग्णालयात लस आहे का हे फोनवर विचारून ठेवा.

केळदच्या पुढे मोबाइलला रेंज धरून चालू नका. घरी कोणाला तरी "अमुक वेळेपर्यंत फोन नाही आला तर" असं सांगून निघा. डोंगरात माणूस अडकला तर १०८ आणि पोलिसांबरोबर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचाही क्रमांक जवळ असू द्या.

मुठाकाठी :

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आमचा बेत बदलला आहे.

तिघांपैकी एकाला उतारावर अजून भरवसा नाही. त्यामुळे पहिल्या फेरीत कोकणात उतरत नाही. वेल्हे, केळद, मढे घाटाच्या माथ्यापर्यंत सायकलने जाऊन खाली डोकावायचं आणि परत केळदला मुक्काम. दुसऱ्या दिवशी केळद खिंड ओलांडून वेळवंडीच्या खोऱ्यात उतरायचं आणि भाटघरच्या पाण्याच्या कडेने भोर. घाट उतरून वरंध्याने परत यायचं ते नंतर, सराव झाल्यावर. रायरेश्वरही डोक्यात आहे, पण तिथे शिड्या आहेत ना?

कानंदखोरे :

आहेत. लोकांनी ट्रॅक्टर सुटा करून त्या शिड्यांवरून वर नेला आणि पठारावर पुन्हा जोडला, तेव्हा तुमची सायकल जाईल. पण कशाला? वर पायी जा.

बदललेला बेत चांगला आहे. खिंडीपर्यंतचा चढ दुपारी करू नका, ऊन थेट पाठीवर येतं. धनगरांची कुत्री सायकलमागे लागतात. पळवू नका, उतरा, सायकल मध्ये धरून चाला, हाक मारा, मालक येतो.

वेळवंडीकर :

आमच्या बाजूने येताय तर पाणी कमी असताना एकदा या. भाटघर आटलं की वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ पाण्यातून वर येतं. एरवी वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली. पण तेव्हा ऊन फार. डिसेंबरात आलात तर देऊळ दिसणार नाही, पावटा मिळेल.

मुठाकाठी :

पावट्यावर एकमत झालं आहे. :) डिसेंबरचा दुसरा आठवडा धरतोय. कानंदखोरे काका, केळदला तिघांच्या जेवणाची सोय कोणाकडे होईल?

कानंदखोरे :

व्यनि केला आहे. माझ्या ओळखीचं घर आहे. आदल्या संध्याकाळपर्यंत आकडा कळवा, आणि तिघांत कोणाचा उपास असेल तर तेही. नाचणीची भाकरी चालते का विचारा. तांदळाची हवी असेल तर आधी सांगावं लागतं.

पॅडलपंप :

हँगर घेतलात का?

मुठाकाठी :

तिघांचे तीन वेगळे निघाले. दोन मिळाले, एकाची ऑर्डर दिली आहे.